सव्वातीन वर्षांचा मंत्री

पावसाळा संपला की आमच्या पूर्णगडच्या खाडीवर संध्याकाळी बसायला बरे वाटते. किल्ल्याच्या खालच्या बाजूला मुचकुंदी समुद्राला मिळते. होड्या ओढून ठेवलेल्या असतात आणि जाळी विणणारे हात अंधार पडेपर्यंत थांबत नाहीत. त्याच वेळी आमच्या बौद्धवाडीतल्या समाजमंदिरात मुलांची अभ्यासिका भरते. आम्ही तिथे अधूनमधून जाऊन बसतो. शिकवायला म्हणाल तर आमच्याकडे आता काही उरलेले नाही. मुले आम्हालाच नवे काही सांगतात, आणि आम्ही ते या सदरात वाचकांना सांगतो.

गेल्या महिन्यात अशीच एक गोष्ट झाली. वाडीतली एक मुलगी रेल्वे भरतीच्या परीक्षेची तयारी करते आहे. बी. एस्सी. झाली आहे, हुशार आहे. सामान्यज्ञानाचे जाडजूड पुस्तक पुढे घेऊन ती आम्हाला म्हणाली, "काका, स्वित्झर्लंडचं सरकार सातच माणसं चालवतात, खरं आहे का?"

खरे आहे. त्या देशाने १८४८ साली राज्यघटना केली तेव्हापासून तिथे सात जणांचे मंत्रिमंडळ आहे. संसद त्यांना चार वर्षांसाठी निवडते. सातांपैकी एक जण एका वर्षापुरता राष्ट्राध्यक्ष होतो, पुढल्या वर्षी पाळी दुसऱ्याची. एकदा मंत्री झालेला माणूस बहुतेक वेळा पुन्हा पुन्हा निवडला जातो आणि पुरे झाले असे स्वतःला वाटले की बाजूला होतो. २०१४ साली त्या वर्षीचे राष्ट्राध्यक्ष दिदिए बुर्खाल्टर स्टेशनच्या फलाटावर एकटेच मोबाईल बघत गाडीची वाट पाहत उभे आहेत, असे एक छायाचित्र जगभर फिरले. मागेपुढे शिपाई नाही, लाल दिवा नाही. ते आठ वर्षे मंत्री होते आणि २०१७ साली आपणहून पायउतार झाले. त्या देशाचे कौतुक करताना एवढेही सांगावयास हवे की, तिथल्या बायकांना देशपातळीवर मताचा अधिकार मिळाला तो १९७१ साली. आमच्या आया-बहिणी तोवर पाच सार्वत्रिक निवडणुकांत मत देऊन आल्या होत्या. बाबासाहेबांच्या घटनेने पहिल्या दिवसापासून दिलेली ही गोष्ट आहे.

मुलीने विचारले, "मग आपल्याकडे असा फलाटावर उभा राहणारा मंत्री कुणी झालाच नाही का?"

आम्ही उत्तर शोधत होतो, तेवढ्यात मागून तात्यांचा आवाज आला. तात्या म्हणजे या मुलीचे आजोबा. वय चौऱ्याऐंशी. परळच्या गिरणीत आयुष्य गेले, गिरणी गेली तसे गावाला आले. कान कमी झालेत पण हवे ते बरोबर ऐकू येते. म्हणाले, "दंडवते व्हता ना! त्यानं माझी पाठ वाचवली गो बाय."

पाठीची हकिगत पुढे येईल. आधी दंडवत्यांचे नाव ज्यांनी फक्त ऐकले आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगतो.

मधु दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ चा, तेव्हाच्या अहमदनगरचा, आताच्या अहिल्यानगरचा. पदार्थविज्ञानात एम. एस्सी. झाले. बेचाळीसच्या लढ्यात होते, गोव्याच्या १९५५ च्या सत्याग्रहात एक तुकडी घेऊन गेले, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही होते. पण आमच्या वाचकांना ज्या गोष्टीचा अभिमान वाटावा ती ही, की पोटापाण्यासाठी हा माणूस मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात प्राध्यापक होता. बाबासाहेबांनी १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे काढलेले हे आपले कॉलेज. तिथल्या पदार्थविज्ञान विभागाचे ते प्रमुख होते. गिरणगावातून, बी. डी. डी. चाळींतून, कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या वाड्यांतून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली पोरे त्यांच्यासमोर बसत. पुढे संसदेत आकडे मांडताना ते फळ्यापुढे उभे असल्यासारखे बोलत. आम्ही त्यांची एक-दोन भाषणे ऐकली आहेत. मुद्दा समजावून सांगायचा, मग थोडी कोटी करायची, लोक हसले की पुढचा मुद्दा. ही वर्गातलीच सवय असणार.

कोकणाशी त्यांचे नाते जडले ते बॅरिस्टर नाथ पै यांच्यामुळे. नाथ पै १९५७ पासून राजापूर मतदारसंघाचे खासदार होते. जानेवारी १९७१ मध्ये ते गेले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत दंडवते तिथे उभे राहिले. देशात इंदिराबाईंची लाट होती, तरी राजापूरने समाजवादी प्राध्यापकाला निवडून दिले. नंतर १९७७, १९८०, १९८४, १९८९. चौऱ्याऐंशीच्या लाटेत भलेभले वाहून गेले, हे टिकले. ओळीने पाच वेळा, वीस वर्षे.

या वीस वर्षांत ते मंत्री किती काळ होते? आम्ही मुलीला बोटांवर मोजायला लावले. रेल्वेमंत्री २६ मार्च १९७७ ते २८ जुलै १९७९, म्हणजे अठ्ठावीस महिने. अर्थमंत्री ५ डिसेंबर १९८९ ते १० नोव्हेंबर १९९०, म्हणजे अकरा महिने. बेरीज एकोणचाळीस. सव्वातीन वर्षे! स्वित्झर्लंडच्या मंत्र्याची एक मुदतही यात पुरी होत नाही. उरलेली पावणेसतरा वर्षे विरोधी बाकांवर, आणि त्यातला मोठा तुकडा तुरुंगात.

तुरुंगाची गोष्ट आमच्या भगिनींनी जरूर वाचावी. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली तेव्हा दंडवते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला गेले होते. वाजपेयी आणि अडवाणीही तिथेच होते. सगळ्यांना तिथल्या तुरुंगात टाकले. इकडे त्यांच्या पत्नी प्रमिलाताईंनाही अटक झाली आणि त्यांना येरवड्याला ठेवले. नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्या राज्यात, दोघेही गजाआड, आणि मधे फक्त पत्रे. तीही आधी तुरुंगाचा अधिकारी वाचणार. नवरा तुरुंगात गेला आणि बायकोने घर सांभाळले, अशा गोष्टी आपण खूप ऐकल्या. इथे घर सांभाळायला दोघांपैकी कुणीच बाहेर नव्हते. प्रमिलाताई पुढे १९८० साली मुंबई उत्तर मध्यमधून स्वतः लोकसभेवर निवडून आल्या. त्यांना कुणाच्या पत्नी म्हणून ओळख द्यावी लागत नाही.

तुरुंगातून सुटले ते थेट रेल्वेमंत्री झाले. आता तात्यांची पाठ.

तात्या दर वर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीला जात. मुंबईहून नागपूर, आणि तेही थर्ड क्लासने. ज्यांनी तो डबा पाहिला नाही त्यांना सांगतो. लाकडी फळ्यांचे बाक, वरची झोपण्याची जागा म्हणजेही फळीच. पट्ट्यांमधल्या फटी अंगात रुतत. रात्रभर गाडीचा प्रत्येक सांधा मणक्यातून जायचा. १९७४ साली सरकारने थर्ड क्लास बंद केल्याचे जाहीर केले. म्हणजे काय केले? डब्यावरचा तिसऱ्याचा आकडा पुसून दुसऱ्याचा घातला. फळी तीच. आमच्या समाजाला हा प्रकार नवा नाही. नाव बदलून मिळते, बसायची जागा तीच राहते.

दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंच फोम घातला. एवढेच! ऐकायला अगदी किरकोळ वाटते. पहिल्या वर्गाच्या गाद्या काढा, असे त्यांनी म्हटले नाही. त्यांचे म्हणणे असे की, वरच्याला खाली ओढायचे नाही, खालच्याला वर उचलायचे. आधी मोठ्या गाड्यांत आणि मग हळूहळू सगळीकडे ही गादी आली. २६ डिसेंबर १९७७ ला त्यांनी मुंबई–हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू केली. तिच्यात पहिला वर्गच नव्हता, सगळ्यांना एकच वर्ग. ही गाडी नागपूरवरून जाते. तात्या पुढच्या दसऱ्याला तिनेच गेले. सांगतात, "पहाटे जाग आली ती उजाडल्यावर. आधी वाटलं, गाडी बंद पडली का काय?"

आमच्या मते गेल्या पन्नास वर्षांत भारतातल्या कोणत्याही मंत्र्याच्या एका निर्णयाने एवढ्या गरिबांच्या अंगाला एवढा थेट आराम दिला नसेल. यावर कुणाचे दुमत असल्यास त्यांनी थर्ड क्लासने नागपूरला जाऊन यावे. पण आता तशी फळी शोधूनही मिळणार नाही.

दुसरे काम त्याहून मोठे. मे १९७४ मध्ये रेल्वे कामगारांचा वीस दिवसांचा संप झाला होता. सुमारे सतरा लाख कामगार त्यात होते असे म्हणतात. संप चिरडला गेला, हजारो लोक नोकरीवरून काढले गेले. त्यांत खलाशी, गँगमन, सफाईवाले असे खालच्या श्रेणीचे लोक पुष्कळ. रेल्वेची नोकरी गेली की क्वार्टर जाते, क्वार्टरबरोबर मुलांची शाळाही जाते. तीन वर्षे ही कुटुंबे रस्त्यावर होती. दंडवते आले आणि त्यांनी या कामगारांना परत घेतले. संपाचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस तेव्हा त्याच मंत्रिमंडळात बसलेले होते. योगायोग पाहा, हेच दोघे बारा वर्षांनी पुन्हा एकत्र आले आणि त्यातून कोकण रेल्वे झाली.

कोकण रेल्वेचे स्वप्न दंडवत्यांचे एकट्याचे नव्हते. अ. ब. वालावलकरांनी त्यासाठी आयुष्य वेचले, नाथ पैंनी संसद दणाणून सोडली. पण गाडी आपट्याला येऊन थांबली होती. रोह्यापर्यंत रूळ आले ते १९८६ साली. दिल्लीला पैसे नाहीत, हे कायमचे उत्तर. डिसेंबर १९८९ मध्ये व्ही. पी. सिंगांचे सरकार आले, फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री झाले. एकाने मागायचे आणि दुसऱ्याने तिजोरीची किल्ली हातात धरायची. दोघांनाही कोकण रेल्वे हवी होती! तरी रेल्वेच्या नेहमीच्या खर्चातून हे होणार नाही, हे दोघांना ठाऊक होते. म्हणून वेगळे महामंडळ काढले. निम्म्याहून थोडा अधिक वाटा केंद्राचा, बाकी महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ या चार राज्यांचा, आणि उरलेली रक्कम लोकांकडून कर्जरोख्यांनी उभी करायची. जुलै १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले. ई. श्रीधरन यांच्या हाती काम दिले. नोव्हेंबरात सरकार पडले, पण तोवर काम मागे घेता येणार नाही इतके पुढे गेले होते. २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सारा मार्ग खुला झाला. आमच्या रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि पानवल नदीवरचा पूल इतका उंच की खिडकीतून खाली बघताना पोटात गोळा येतो.

या रेल्वेने सगळ्यांचे भले झाले, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. रूळ डोंगराच्या अंगाने गेले, खाडीकाठची गावे बाजूला राहिली. पूर्णगडच्या माणसाला आजही आधी एस. टी. ने पावसवरून रत्नागिरी गाठायची आणि मग शहराबाहेरच्या स्टेशनावर जायचे. आमच्या वाडीत बहुतेकांना जमीनच नव्हती, त्यामुळे जमिनीचा मोबदला हा शब्द आम्ही दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला. गणपतीला चाकरमान्यांची गाडी भरून येते तेव्हा डब्यात पाय ठेवायला जागा नसते. असो. तरीही मुंबईत कुणी गेले तर रातोरात मातीला पोचता येते. तात्यांच्या वडिलांच्या वेळी तात्यांना ते जमले नव्हते.

अर्थमंत्री म्हणून त्यांनी एकच अर्थसंकल्प मांडला, मार्च १९९० चा. सोने नियंत्रण कायदा रद्द केला तो त्याच वर्षी. घरात सोन्याची वळी ठेवायला बंदी आणि सोनाराच्या मागे परवाने, वह्या, तपासण्या, हे सगळे गेले. मौज अशी की सोन्यावरचे नियंत्रण १९६३ साली आणले मोरारजीभाईंनी, आणि त्याच मोरारजींच्या हाताखाली दंडवते पुढे रेल्वेमंत्री झाले होते. आमच्या वाडीत तेव्हा मणी-मंगळसूत्रापलीकडे सोने कुणाकडे होते? पण ज्या कारागीर सोनारांची चूल विझली होती, त्यांना विचारावे. शेतकरी आणि कारागिरांची दहा हजारांपर्यंतची कर्जेही त्या सरकारने माफ केली. यावर अर्थशास्त्राच्या जाणकारांनी बरीच टीका केली. तिजोरी आधीच रिती होत आली होती, ऑगस्टात आखाताचा भडका उडाला, तेल महागले, आणि १९९१ साली देशाला सोने गहाण ठेवावे लागले. त्याचा थोडा दोष दंडवत्यांच्या माथी येतो आणि तो आम्ही पुसणार नाही. पण वर्षानुवर्षांचा खड्डा अकरा महिन्यांत त्यांनीच खणला, हे मात्र आम्हाला पटत नाही.

आता त्या मुलीच्या अर्जाकडे येतो.

अर्जाबरोबर तिला केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला जोडायचा होता. तो मिळाला आहे. ती तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वहीत ठेवून, वही पेटीत ठेवते. तात्यांनी तो हातात घेऊन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "तुझ्या बापाला ह्यो मिळाला नव्हता."

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींचा माणूस म्हणजे हिंदूच, असे धरले होते. १९५६ साली शिखांना त्यात घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरात बाबासाहेबांनी नागपूरला धम्म दिला, आणि ज्यांनी तो घेतला ते केंद्राच्या लेखी सवलतीतून बाहेर पडले. महाराष्ट्र सरकारने आपल्या अखत्यारीतल्या सवलती दिल्या, पण रेल्वे, पोस्ट, बँका, केंद्राची सारी खाती बंद. चौतीस वर्षे! एक अख्खी पिढी त्यात नोकरीच्या वयाची झाली आणि ते वय उलटूनही गेली. कित्येकांनी पोटासाठी कागदावर जुना धर्म लिहिला आणि घरी पंचशील म्हटले. त्यांना आम्ही दोष देत नाही. तात्यांच्या मुलाने १९८६ साली केंद्राच्या एका खात्याचा अर्ज भरला होता. 'बौद्ध' लिहू नको, असे चारजणांनी सांगितले. तात्यांनी सांगितले, लिही. पोराने लिहिले. सवलत मिळाली नाही, नोकरीही नाही. पुढे तो ठाण्याला एका कारखान्यात लागला. बापलेकांत त्यावर पुन्हा कधी बोलणे झाले नाही, असे तात्यांनी आम्हाला फार वर्षांपूर्वी सांगितले होते.

१९९० साली संसदेने कायदा दुरुस्त केला आणि बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. त्याच वर्षी १२ एप्रिलला संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लागले. त्यांना भारतरत्नही त्याच वर्षी मिळाले. ऑगस्टात मंडल आयोगाची घोषणा झाली. हे सारे ज्या मंत्रिमंडळाने केले त्यात सिद्धार्थ महाविद्यालयाचा हा जुना प्राध्यापक बसलेला होता. याचे श्रेय आम्ही त्यांना एकट्याला देत नाही. खाते रामविलास पासवानांचे होते, पंतप्रधान व्ही. पी. सिंग होते, आणि त्याआधी चौतीस वर्षे मोर्चे काढणारे, निवेदने देणारे आपलेच लोक होते. पण आपल्या पोरांना ज्याने फळ्यावर गणिते मांडून दाखवली, त्याचाही त्या निर्णयाला होकार होता, हे तात्यांना फार महत्त्वाचे वाटते. आम्हालाही वाटते.

पुढच्या वर्षी, १९९१ च्या निवडणुकीत, राजापूरने दंडवत्यांना पाडले. सव्वातीन वर्षांत एवढे करून घरी बसवले. लोकशाही आहे, तक्रार करता येत नाही. ते पुढे १९९६ ते १९९८ या काळात नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत गेले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देह वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी दिला गेला.

फलाटावर एकटे उभे असलेले त्यांचे छायाचित्र आम्ही पाहिलेले नाही, असे आम्ही मुलीला प्रामाणिकपणे सांगितले. ती म्हणाली, "नसू दे काका, फळीवर फोम घातला ना."

परवा ती परीक्षेला मुंबईला गेली. रात्रीची गाडी, स्लीपरचे तिकीट. एस. टी. च्या थांब्यापर्यंत आम्ही सारे सोडायला गेलो होतो. आईने भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून दिली. तात्या काठी टेकत आले. दाखल्याची पिशवी घेतली का, हे त्यांनी तीनदा विचारले. गाडी सुटताना खिडकीशी जाऊन चौथ्यांदा विचारले, आणि मग म्हणाले, "वरली बर्थ मिळाली तर नको म्हनू नको. निजायला तीच बरी."